मदत हवी आहे : फाट्यावर थांबल्यावरही पेटता राहणारा सायकलचा मागचा दिवा

सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या आठवी ते दहावीच्या बहुतेक मुली चार ते सहा किलोमीटरवरच्या गावांतून सायकलने येतात. डिसेंबरात आमच्याकडे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, आणि जादा तास आटोपून त्या निघतात तेव्हा अंधार पडू लागलेला असतो. हेच दिवस कापसाच्या वेचणीचे असल्याने त्याच रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलबंड्या चालू असतात.

गेल्या हिवाळ्यात आमची एक विद्यार्थिनी गावाकडे उजवीकडे वळण्यासाठी फाट्यावर थांबली असताना मागून आलेल्या दुचाकीने तिला धडक दिली. तिचा हात मोडला. आता ती बरी आहे. तिच्या सायकलला डायनॅमो होता, मागचा दिवाही चांगला होता. परंतु चाक थांबले की डायनॅमो थांबतो आणि दिवा विझतो. म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच जागी ती दिसेनाशी झाली. तेव्हापासून आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन मी यावर काम करत आहे.

शहरातील सायकलस्वारांसाठी तयार होणारी साधने मी पाहिली. हँडलची मूठ थरथरवून वळण सांगणारी उपकरणे कल्पक आहेत, पण ती चालवणाऱ्याला वाट दाखवण्यासाठी आहेत. आमच्या मुलींना वाट पाठ आहे. त्या कुठे वळणार हे मागून येणाऱ्याला कळत नाही, ही आमची अडचण आहे. चार्ज करायचे दिवे मी मुद्दाम टाळले, कारण संध्याकाळी घरी वीज असेलच असे नाही, आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर तापमान गेलेले असताना दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलवर लिथियमची बॅटरी फार काळ टिकत नाही.

म्हणून ६ व्होल्ट, ३ वॉटच्या साध्या डायनॅमोवर आम्ही असे विद्युत मंडळ (सर्किट) जोडले: प्रवाह एकाच दिशेचा करणारा चार डायोडचा ब्रिज, जास्तीच्या विद्युतदाबापासून (व्होल्टेजपासून) संरक्षणासाठी ५.१ व्होल्टचा झेनर डायोड, वीज साठवण्यासाठी १ फॅरड, ५.५ व्होल्टचा सुपरकपॅसिटर, आणि प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या १५० ओहमच्या रोधामागे (रेझिस्टरमागे) एक लाल एलईडी. सुरुवातीला सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो आणि प्रकाश उत्तम असतो. पण साठ्याचा दाब उतरत जातो तसा प्रवाहही उतरतो आणि पावणेदोन मिनिटांत तो निम्म्यावर येतो. ट्रॉल्यांची रांग असली तर फाट्यावर याहून जास्त वेळ थांबावे लागते, आणि सायकल पंक्चर होऊन मुलगी ती हाताने ढकलत चालली असेल तर हा साठा अगदीच अपुरा पडतो. रोध वाढवला तर वेळ वाढतो, पण उजेड पहिल्यापासूनच कमी मिळतो. येथे रोधाऐवजी दोन ट्रान्झिस्टरचे स्थिर प्रवाहाचे मंडळ लावावे, की दिवा लुकलुकता ठेवून साठा वाचवावा? लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरे, पण अंधाऱ्या रस्त्यावर त्याचे अंतर ओळखणे कठीण जाते असे मला स्वतः मोटारसायकल चालवताना जाणवले आहे. म्हणून मी स्थिर दिव्याच्या बाजूचा आहे, तरीही जाणकारांचे मत हवे आहे.

दुसरी अडचण पावसाळ्याची. पांदण रस्त्यावरची काळी माती टायरला थापली गेली की डायनॅमोची चकती घसरते आणि साठा भरतच नाही. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला होता. त्यात चाकाच्या आऱ्यांवरील चुंबक आणि चाक धरणाऱ्या चिमट्याजवळील तारेची गुंडाळी यांवर चालणारे, दिवसरात्र पेटते राहणारे दिवे वापरले होते, आणि असे दिवे असलेल्यांचे इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी आढळले. घासणारा भाग नसल्याने ही रचना चिखलात उपयोगी पडावी. मात्र आमच्या सायकलींची चाके बहुधा आऊट झालेली, म्हणजे फिरताना डगमगणारी असतात, त्यामुळे चुंबक आणि गुंडाळी यांच्यात पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवावेच लागते. २६ इंची चाक ताशी १२ किलोमीटर वेगाने सेकंदाला जेमतेम दीड फेरा घेते. एवढ्या वेगात सुपरकपॅसिटर भरण्यासाठी किती चुंबक, किती वेढे आणि किती जाडीची तार लागेल, याचा अनुभव कोणी घेतला असल्यास कृपया आकड्यांसह सांगावे.

वळण्याच्या खुणेसाठी विजेचे इंडिकेटर न बसवता उजव्या मनगटावर परावर्तक पट्टी आणि हात बाहेर काढण्याची सवय, एवढेच पुरे होईल असे मला वाटते. पेडलवरही तीच पट्टी लावली आहे, कारण वरखाली हलणारी चमक पाहून समोर माणूस आहे हे चालकाला लवकर उमजते. परंतु चिकटवलेली पट्टी धुण्यात निघते आणि धुळीने मंदावते. शिवता येणारी, वर्षभर धुलाई सोसणारी पट्टी कोणती घ्यावी आणि नागपूर-अमरावतीच्या बाजारात ती कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळते?

एका सायकलमागे डायनॅमो वगळून २५० रुपयांपेक्षा जास्त खर्च आम्हाला झेपणार नाही, आणि बिघाड झाल्यास गावातल्या रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाल्याला कावियाने (सोल्डरिंग आयर्नने) तो काढता आला पाहिजे. मंडळाची आकृती हवी असल्यास मी येथेच देतो. वेचणी सुरू होण्यापूर्वी निदान वीस सायकलींना दिवे बसवायचे आहेत, म्हणून अर्धवट सुचलेली कल्पना असली तरी कृपया जरूर लिहावी.