मी स्वतः मुलांच्या कॅन्सर वॉर्डात होते, आता तिथल्या मुलांसाठी काही करायचंय, पण बोलू काय?

सांजपक्षी
नमस्कार. मला ११ व्या वर्षी ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला होता, त्यातला एएलएल नावाचा प्रकार, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर तोच. अडीच वर्षं ट्रीटमेंट चालली, आता २६ ची आहे, वर्षातून एकदा चेकअप एवढंच उरलंय. खूप दिवस मनात होतं की आपण त्या मुलांना जाऊन भेटावं, त्यांच्या आईवडिलांना जरा धीर द्यावा. मागच्या महिन्यात ओळखीतून परवानगी मिळाली आणि गेले. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला म्हणाले की बघ मी पण अशीच इथे झोपून असायचे, मी बरी झाले ना, तू पण होणार. त्याची आई उठून बाहेरच निघून गेली. नंतर कळलं की त्याचा आजार उलटलाय, दुसऱ्यांदा. तेव्हापासून मला नीट झोप नाही. चूक काय झाली ते कळतंय, पण 'मी बरी झाले' हे सोडून माझ्याकडे द्यायला आहे तरी काय?

रात्रपाळी
मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात १४ वर्षं नर्स आहे. आधी एक, ती आई उठून गेली ती तुझ्यामुळे नाही, तिच्या मनात ते आधीपासून साठलेलं होतं, त्यामुळे स्वतःला इतकं लावून घेऊ नकोस. पण ते वाक्य मात्र परत म्हणू नको. चांगल्या सोयी असतील तिथे एएलएलची १० पैकी जवळपास ९ मुलं आता बरी होतात हे खरंच आहे, पण तू ज्याच्यासमोर बसलीयेस तो दहावा असू शकतो आणि त्याच्या घरच्यांना ते माहीत असतं.

तुझ्याकडे जे आहे ते आम्हा कोणाकडेच नाही. मी हजार वेळा लाइन फ्लश केली असेन, म्हणजे शिरेत घातलेली नळी सलाईन सोडून साफ केली असेन, पण सलाईन आत जाताना तोंडात ती विचित्र चव येते ती मी कधी घेतलेली नाही. तू घेतलीयेस. केमोचं ते लाल औषध दिलं की लघवी लाल होते, आम्ही आधी सांगतो तरी मूल बाथरूममधून किंचाळत येतं, कारण त्याला वाटतं रक्त आहे. व्हिंक्रिस्टीन या केमोच्या औषधानंतर जबडा दुखतो, पायात मुंग्या येतात. केस गळायच्या आधी डोक्याची कातडी हुळहुळते, उशीवर डोकं ठेवलं तरी दुखतं. हे 'मला पण व्हायचं' असं कोणी म्हटलं ना की मुलाचा चेहरा बदलतो, मी बघितलंय. पुढे काय होणार ते नको सांगू, आज दुपारी काय होणार ते सांग.

आणि नियमाचं, सर्दी-ताप असेल किंवा घरात कोणाला कांजिण्या असतील तर अजिबात जायचं नाही, पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाला ते फार महागात पडतं. फुलं नकोत. फोटो नको. आत शिरायच्या आधी सिस्टरला विचारायचं की आज कोणाकडे जाऊ आणि कोणाकडे नको, त्या दिवशी तू हे विचारलं असतंस तर तिने त्या पलंगाकडे पाठवलंच नसतं.

दोनलेकरांचीआई
माझा मुलगा ६ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट सांगते. स्टेरॉइड चालू होतं, डेक्सामेथासोन. रात्री दोन-दोन वाजता उठून खायला मागायचा, दिलं की फेकून द्यायचा, एकदा मला चावला. गाल इतके सुजले की आरशात बघायला तयार नाही. मला कॅन्सरपेक्षा याची जास्त भीती वाटायला लागली होती, आपलं लेकरू हे नाहीच असं वाटायचं, आणि हे बोलायची पण लाज, कारण आई असून असं कसं म्हणायचं. तेव्हा तुझ्याच वयाची एक मुलगी वॉर्डात यायची, ती शेजारी बसून हळूच म्हणाली, काकू मी तर आईला बोचकारलं होतं, गोळ्या थांबल्या आणि थोड्या दिवसांत मी परत मी झाले, आईने ते कधी मनात धरलं नाही. बस एवढंच. मी जिन्यात जाऊन पोटभर रडले आणि वर येऊन त्याला जवळ घेतलं. 'सगळं ठीक होईल' म्हणणारे शंभर जण आले असतील, एकाचंही तोंड आठवत नाही. ती मुलगी आठवते.

एकपायी_वाट
मला १७ व्या वर्षी हाडाचा कॅन्सर झाला, पाय काढावा लागला. तुझ्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली म्हणून लिहितोय. धीर द्यायला आधी बरं व्हावं लागतं असं तू धरून चाललीयेस. कॅनडातला तो तरुण, टेरी फॉक्स, आठव. तोच आजार, उजवा पाय गेलेला, १९८० मध्ये कृत्रिम पायाने कॅनडा पार करायला निघाला, रोज साधारण एक मॅरेथॉन, १४३ दिवसांत ५,३७३ किमी, आणि मग आजार फुफ्फुसात गेला म्हणून थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला, २२ वर्षांचा होता. अमेरिकेतली अ‍ॅलेक्स स्कॉट तर ४ वर्षांची होती जेव्हा तिने घरापुढे सरबताचा स्टॉल लावला, का तर डॉक्टरांना बाकीच्या आजारी मुलांसाठी औषध शोधता यावं. ती २००४ मध्ये गेली, ८ वर्षांची. दोघंही बरे झाले नाहीत. तरी माझा पाय काढायच्या आदल्या रात्री मी टेरीचं धावणंच बघत बसलो होतो, सारखं सारखं. त्यामुळे ज्याचा आजार उलटलाय त्या मुलाकडे जायलाच नको असं मात्र धरू नकोस, तिथे बोलायची पण गरज नसते, पत्ते खेळ.

धाकटी_बहीण
मी पेशंट नव्हते, माझा दादा होता. एकच सांगते, भावंडांना विसरू नका प्लीज. घरी आलेलं प्रत्येक माणूस दादासाठी काहीतरी आणायचं आणि मला विचारायचं, दादा कसा आहे. मला वाटायचं आमच्या भांडणात मी त्याला ढकललं म्हणून त्याला हे झालं. हे मी कोणाला सांगितलं माहितीये? दादाच्या वॉर्डमधल्या एका ताईला, जिला स्वतःला पण तेच झालं होतं. ती म्हणाली ढकलल्याने कॅन्सर होत नाही, मला तर कोणी ढकललं पण नव्हतं. मी तेव्हा ७ वर्षांची.

सांजपक्षी
सगळ्यांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. @रात्रपाळी सिस्टर, ती सलाईनची चव, मी १३ वर्षांत विसरले असेन असं वाटलेलं, वाचताच तोंडात आली. मी तेव्हा फ्लशच्या आधी तोंडात चघळायची गोड गोळी धरायचे, ते बऱ्यापैकी चालायचं. आत्ता वहीत अशा आठवतील तेवढ्या गोष्टी लिहायला बसलेय, दोन पानं झालीत, भावंडांसाठी वेगळं पान करतेय. डॉक्टरांना दाखवूनच मुलांपर्यंत नेईन. त्या मुलाचं विचारलं, तो अजून ॲडमिट आहे. गुरुवारी जातेय, आधी सिस्टरला फोन करून, आणि आई हो म्हणाली तरच. पत्ते घेतलेत, नवीन, पुसता येतील असे प्लास्टिकचे.

रात्रपाळी
प्लास्टिकचे घेतलेस ते बरं केलंस. वहीतली पानं इथेही टाक, मी रात्री ब्रेकमध्ये वाचून सांगते.