एसडब्ल्यूएसची अडचण पैशाची नव्हती
एसडब्ल्यूएस ही जपानी व्यावसायिक कुस्ती संस्था पैशाअभावी बुडाली, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. १९९० साली ‘मेगाने सुपर’ या चष्मे विकणाऱ्या कंपनीने तिला भक्कम पाठबळ दिले होते आणि डिसेंबर १९९१ मध्ये टोकियो डोम या मोठ्या स्टेडियममध्ये तिचे प्रमुख मल्ल गेनिचिरो तेन्र्यू यांची प्रसिद्ध अमेरिकी मल्ल हल्क होगनशी लढतही झाली. घात केला तो, माझ्या मते, सुमोच्या तालमींच्या धर्तीवर पाडलेल्या तीन गटांमधील तेढीने. एप्रिल १९९१ मध्ये कोबे येथे माजी योकोझुना (सुमोतील सर्वोच्च दर्जाचे मल्ल) आणि तेव्हा एसडब्ल्यूएसमध्ये असलेले कोजी किताओ यांनी भर प्रेक्षकांसमोर ही कुस्ती खोटी असल्याचे सांगितले, तो तर इतर मल्लांच्या कष्टांचा अपमानच होता; किताओंना काढून टाकण्यात आले, पण दुफळी मिटली नाही. जून १९९२ मध्ये खेळ थांबले आणि त्यातून डब्ल्यूएआर व एनओडब्ल्यू अशा दोन वेगळ्या संस्था निघाल्या.