जिनिव्हाच्या नि:शस्त्रीकरण परिषदेत एकमताऐवजी मतदान आणलं तर? मॉक यूएनसाठी मदत हवी

फोंड्याची_बाय:
नमस्कार. पुढच्या आठवड्यात पणजीला मॉक यूएन आहे, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकेका देशाचा प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करायची. आमची कमिटी जिनिव्हाची नि:शस्त्रीकरण परिषद, जिथे शस्त्रं कमी करायच्या करारांवर वाटाघाटी होतात, आणि मला देश मिळालाय पोर्तुगाल. आधी खूश झाले, आमच्या वाड्यावर कितीतरी घरांत पोर्तुगीज पासपोर्ट, चुलतभाऊ लिस्बनला, म्हटलं काहीतरी सांगता येईल. मग सदस्यांची यादी उघडली तर ६५ देशांत पोर्तुगाल नाहीच! ग्रीस नाही, डेन्मार्क नाही, थायलंड, फिलिपिन्स, आपल्या शेजारचं नेपाळसुद्धा नाही. १९९९ ला पाच देश आत घेतले आणि त्यानंतर एकही नाही. निरीक्षक म्हणून बसायचं तरी अर्ज करायचा आणि त्याला सगळ्यांची संमती लागते, एकाने नाही म्हटलं की संपलं. आणि एवढं करून १९९६ नंतर तिथून एकही करार बाहेर पडलेला नाही. मी भाषणात सरळ मागणार आहे की प्रत्येक निर्णयाला एकमत लागतं तो नियम काढा, दोन तृतीयांश मतदान आणा, आणि ज्याला यायचंय त्याला सदस्य करा. हे बरोबर आहे का, की परीक्षक मला उडवतील?

निवृत्त_मास्तर:
बाय, सदस्यत्वाचं बरोबर, मतदानाचं मात्र घाई करू नकोस. १९९६ चा ऑगस्ट मला आठवतो, तेव्हा मी शाळेत शिकवत होतो आणि टीचर्स रूममध्ये रोज पेपरवरून वाद व्हायचे. अणुचाचणी बंदीचा करार, सीटीबीटी, याच परिषदेत तयार होत होता आणि आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनी तिथे तो अडवला. कारण साधं होतं. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांनी ते कधी संपवायचे याला काही मुदत नाही, आणि करार लागू व्हायला ज्या ४४ देशांची मान्यता हवी त्यात भारताचं नाव, भारताला न विचारता. म्हणजे आपण सही न करताही आपल्यावर दबाव. एकमताचा नियम नसता तर पहिल्याच दिवशी आपण मतांत हरलो असतो. शेवटी झालं काय, ऑस्ट्रेलियाने तो मजकूर न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत नेला आणि १० सप्टेंबरला १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर करून घेतला, विरोधात आपण, भूतान आणि लिबिया. एवढी मतं मिळूनही तो करार आजपर्यंत लागू झालेला नाही, कारण ज्यांच्याशिवाय अडतं त्यांच्यातले सगळे आत आलेच नाहीत. मतं जिंकली म्हणजे शस्त्रं कमी झाली असं होत नाही गो.

म्हापशेकर_८२:
मास्तरांचं पटतं, पण मास्तर, १९९६ आणि २००९ एकाच तराजूत घालू नका. १९९६ ला भारताने कराराच्या मजकुराला नाही म्हटलं, तो प्रत्येक देशाचा हक्क. २००९ ला काय झालं बघा. २९ मेला अल्जीरियाच्या अध्यक्षतेखाली वर्षाचा कार्यक्रम एकमताने मंजूर झाला, अण्वस्त्रांसाठी लागणारं युरेनियम आणि प्लुटोनियम बनवणं थांबवायच्या करारावर वाटाघाटी करायच्या हेही त्यात होतं, सगळ्यांनी हात वर केले. मग कुठला गट कधी बसणार, त्याचा अध्यक्ष कोण, या वेळापत्रकालाही पुन्हा एकमत हवं, आणि तिथे पाकिस्तानने अडवलं आणि ते वर्ष गेलं. त्यात अध्यक्षपद इंग्रजी अक्षरक्रमाने फिरतं, एकेकाला कामाचे चार आठवडे, म्हणजे एखाद्याने जरा गाडी रुळावर आणली की दुसरा येऊन बसतो, आणि मंजूर झालेला कार्यक्रमही वर्ष संपलं की संपतो, जानेवारीत परत पहिल्यापासून. माझं म्हणणं एवढंच की मजकुराला एकमत ठेवा, पण बैठकीची वेळ, गटाचा अध्यक्ष, निरीक्षक कोण बसणार याला साधं बहुमत करा.

आमच्या गावात जत्रेच्या वेळी पालखी कुणाच्या दारात थांबायची हे सगळ्यांच्या संमतीनेच ठरतं आणि ते तसंच पाहिजे, नाहीतर घराघरांत फूट पडेल. पण बैठक रविवारी घ्यायची की सोमवारी यालाही एक माणूस आडवा आला तर पालखी देवळातच राहील ना? एका वर्षी आमच्याकडे अगदी हेच झालं, तीन बैठका फक्त तारखेवर गेल्या आणि म्हातारी माणसं रडकुंडीला आली. म्हणून हा विषय मला लागतो.

वास्को_ते_जिनिव्हा:
म्हापशेकर, ही रेघ कागदावर सोपी दिसते. पाकिस्तानचं म्हणणं असं की आधीच साठलेलं युरेनियम-प्लुटोनियम करारात धरायचं की नाही हे न ठरवता वाटाघाटी सुरू करणं हाच त्यांच्या विरोधातला निर्णय, कारण भारताकडे साठा जास्त आणि अमेरिकेशी झालेल्या २००८ च्या अणुकराराने आपली बाजू आणखी भक्कम झाली. त्यांच्या लेखी वेळापत्रक म्हणजेच मजकूर. १९९५ चा शॅनन मँडेट, म्हणजे या वाटाघाटी कशावर करायच्या ते सांगणारी ठरलेली चौकट, साठ्याचा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवतो, वाटाघाटीत कुणीही तो मांडू शकतो, तरी त्यांना भरवसा नाही. दुसरं, परिषदेचा नियम १८ सांगतो की परिषद एकमताने काम करते, आणि तो नियम बदलायलाही एकमतच लागणार. आणि बाहेर जाऊन करार केले तर? भूसुरुंगांचा १९९७ चा ओटावा करार झाला, खूप जीव वाचले, मी त्याला कमी लेखत नाही, पण अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान त्यात नाहीत. २०१७ ला महासभेच्या परिषदेत अण्वस्त्रबंदीचा करार १२२ मतांनी झाला, अण्वस्त्रवाला एकही देश नाही.

बाय, पोर्तुगालसाठी तुझ्या हातात चांगलं हत्यार आहे ते वापर. परिषदेच्या नियमांतच लिहिलंय की सदस्यत्वाचा ठराविक काळाने आढावा घेतला जाईल. नवीन नियम मागू नकोस, असलेला पाळा म्हण.

फोंड्याची_बाय:
देव बरें करूं सगळ्यांना. दोन तृतीयांश काढून टाकलं. आता मागणी अशी: सदस्यत्वाच्या आढाव्यासाठी एक समन्वयक नेमा, एकदा मंजूर झालेला कार्यक्रम पुढच्या वर्षीही चालू ठेवा, निरीक्षकांना कुणाच्या संमतीशिवाय बसू द्या. मजकुराला हात लावत नाही. पाकिस्तान माझ्याच वर्गातल्या मडगावच्या मुलाकडे आहे, तो वेळापत्रकावर अडवणार हे आता कळलं. मास्तर, ते ४४ देशांचं कलम करारात कुठे येतं ते सांगाल का, त्याने विचारलं तर समोर ठेवायचंय.

निवृत्त_मास्तर:
कलम १४. देशांची यादी जोडपत्र २ मध्ये आहे, तीच छापून घेऊन जा.