मदत हवी आहे : तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन वर असावी की खाली?

नमस्कार.

घरातले वायरिंग नुकतेच नव्याने करून घेतले. सगळे काम भिंतीत लपवलेले आहे आणि वर मॉड्युलर प्लेटा आहेत. काम संपून तीन महिने उलटल्यावर माझ्या लक्षात आले की, अठरा सॉकेटांपैकी तेरा सॉकेटांत अर्थिंगचे मोठे भोक वरच्या बाजूला आहे, चारांत ते खाली आहे आणि सिंकजवळच्या एका सॉकेटमध्ये ते चक्क डावीकडे वळलेले आहे. वायरमनना विचारले तेव्हा त्यांनी दिलेले कारण अगदीच टाकाऊ नव्हते. ती चार सॉकेट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर आहेत. चपट्या प्लगची वायर अर्थिंगच्या पिनेच्या विरुद्ध बाजूने बाहेर पडते, त्यामुळे सॉकेट सरळ बसवले असते तर वायर जमिनीला टेकून मुळाशी मोडली असती. म्हणून त्यांनी ती मुद्दाम उलटी बसवली. सिंकजवळ मात्र भिंतीतली डबी उभी बसली होती, त्यामुळे सॉकेट आडवे आले, एवढेच त्यांचे म्हणणे.

मी हा विषय तिथेच सोडून दिला असता, परंतु गेल्या आठवड्यात एक प्रकार घडला. टेबलामागच्या उलट्या सॉकेटमध्ये लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग होता आणि वायर ओढली जाऊन तो थोडा बाहेर आला होता. टेबल आणि भिंत यांच्या फटीतून स्टीलची फूटपट्टी घसरली आणि नेमकी त्या फटीतून दिसणाऱ्या दोन पिनांवर आडवी पडली. मोठा आवाज झाला, निळसर ठिणगी उडाली आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडला. कोणाला इजा झाली नाही. ती पट्टी माझ्यासमोरच आहे. तिच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे दोन काळे खळगे पडले आहेत आणि त्यांच्यातले अंतर 19 मिलिमीटर भरते, म्हणजे 6 अँपिअरच्या प्लगच्या फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परतीची) या पिनांच्या मध्यांमध्ये असते तेवढेच. सॉकेट सरळ असते, तर ही पट्टी आधी वरच्या अर्थिंगच्या पिनेवर पडली असती आणि बहुधा काहीच झाले नसते, असे मला वाटते. हा तर्क बरोबर आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ब्रिटनचे बीएस 1363 या मानकाचे सॉकेट, जे 1947 पासून चालत आले आहे, त्यात अर्थिंग वर असते. आपल्याकडच्या आयएस 1293 प्रकारच्या सॉकेटांतही रूढ पद्धत तीच आहे. ऑस्ट्रेलियात मात्र अर्थिंगचे भोक खालीच असते आणि तिथली घरे काही जळत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत घरगुती सॉकेटची अर्थिंगची बाजू वर असावी की खाली, याची सक्तीच नाही. जर्मन पद्धतीच्या सॉकेटमध्ये तर प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, तिथे वर-खाली हा प्रश्नच उद्भवत नाही. इतके देश इतक्या निरनिराळ्या पद्धतींनी वर्षानुवर्षे वीज वापरत असतील, तर केवळ दिशेमुळे धोका निर्माण होतो असे म्हणणे कितपत योग्य आहे?

माझी खरी अडचण पुढची आहे. ही चार सॉकेट सरळ करून घ्यायची म्हटली, तर वायरींची अदलाबदल करावी लागते का? वायरमन म्हणतात की, समोरून पाहताना फेज नेहमी उजवीकडे आली पाहिजे, हा त्यांचा ठाम नियम आहे आणि उलट्या सॉकेटांतही त्यांनी तो पाळला आहे. हे ऐकून मला समाधान वाटायला हवे होते, पण का कोण जाणे, त्या वाक्यातच काहीतरी चुकते आहे असे मला सारखे वाटते. शिवाय सिंकजवळचे आडवे सॉकेट तसेच ठेवावे का? डबी आडवी करायची तर टाइल फोडावी लागेल. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुम्हाला वाटलेली शंका अगदी रास्त आहे, आणि या साऱ्या प्रकरणात सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे ते त्याच वाक्याकडे. वर-खालीचा मुद्दा नंतर पाहू.

सॉकेटच्या मागच्या बाजूला स्क्रूंशेजारी बारीक अक्षरे कोरलेली असतात : फेजसाठी एल, न्यूट्रलसाठी एन आणि अर्थिंगसाठी ई किंवा त्याचे चिन्ह. प्लगमधली प्रत्येक पिन सॉकेटमधल्या ठरावीक भोकातच जाते, कारण अर्थिंगची पिन जाड असते आणि ती दुसरीकडे बसत नाही. त्यामुळे सॉकेट तुम्ही उलटे करा, आडवे करा, छताला बसवा, वायरी कोरलेल्या अक्षरांप्रमाणे जोडलेल्या असतील तर उपकरणाला फेज आणि न्यूट्रल बरोबरच मिळतात. ‘फेज उजवीकडे’ हा नियम अर्थिंग वर असलेल्या, समोरून पाहिलेल्या सॉकेटपुरता खरा आहे. तेच सॉकेट उलटे केले की फेजचे भोक आपोआप डावीकडे जाते आणि ते तिथेच असायला हवे. तुमच्या वायरमननी उलट्या सॉकेटातही उजवीकडेच फेज दिली असेल, तर ती न्यूट्रलच्या जागी गेली आहे, म्हणजे त्या चारही सॉकेटांत फेज-न्यूट्रल उलटे झालेले असू शकतात. प्लेट हातात घेऊन मागून काम करताना डावे-उजवे आणखी एकदा फिरते, ते वेगळेच. म्हणून मी माझ्याबरोबरच्या मुलांना पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे की, बाजू पाठ करू नका, अक्षर वाचा.

यात बिघडते काय, तर उपकरण चालते, कोणतीही तक्रार येत नाही आणि तोच खरा धोका आहे. ज्या उपकरणाचे स्वतःचे बटण एकाच वायरीवर असते, त्याचे बटण आता फेजऐवजी न्यूट्रल तोडते. टेबल-लॅम्प त्याच्या बटणाने बंद केला तरी होल्डरमध्ये फेज शिल्लक राहते आणि बल्ब बदलणाऱ्याचा हात तिथे जातो. उपकरणातला फ्यूजही चुकीच्या वायरीवर येतो. ज्या उपकरणांवर चौकोनात चौकोन असे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह असते आणि ज्यांचा दोन पिनांचा प्लग कसाही बसतो, त्यांना या अदलाबदलीने काही फरक पडत नाही, पण सगळी उपकरणे तशी नसतात.

आता तुमच्या फूटपट्टीकडे येतो. तुमचा तर्क बरोबर आहे. प्लग अर्धवट बाहेर असताना वरून धातूची वस्तू पडली आणि वर अर्थिंगची पिन असेल, तर ती वस्तू आधी त्या पिनेला लागते. मात्र हा फायदा प्लग सैल होतो तेव्हाच मिळतो. म्हणून प्लग बाहेर का आला हे आधी शोधायला हवे. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या ढिल्या झाल्या असतील, तर तिथे उष्णता वाढते, भोकाभोवती पिवळट-तपकिरी डाग पडतात आणि एक दिवस प्लॅस्टिक वितळते. तसे असेल, तर सॉकेट सरळ करून उपयोग नाही, ते बदलायलाच हवे. दुसरे असे की, फेज आणि न्यूट्रलच्या पिनांच्या मुळाशी प्लॅस्टिकचे वेष्टन असलेले प्लग मिळतात. असा प्लग थोडा बाहेर आला तरी फटीत उघडा धातू दिसत नाही. टेबलामागे तोच वापरावा.

सिंकजवळच्या सॉकेटबद्दल : अर्थिंग डावीकडे असेल, तर वायरी अक्षरांप्रमाणे जोडल्यावर फेज वर येते आणि न्यूट्रल खाली. आडव्या सॉकेटच्या दोन शक्यतांपैकी ही गैरसोयीची, कारण वरून पडलेली वस्तू आधी फेजला लागते. टाइल फोडू नका. तीच उभी प्लेट आहे त्याच डबीवर अर्धा फेरा फिरवून बसवली की अर्थिंग उजवीकडे जाते आणि न्यूट्रल वर येते. तिथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) मात्र असायलाच हवा, कारण पाणी आणि ओले हात यांपुढे पिनांची दिशा हा फार लहान मुद्दा आहे.

तपासणी करून घेताना टेस्टर आधी चालू सॉकेटवर पेटतो ना हे पाहून, नंतर मेन स्विच बंद करून, मगच प्लेट उघडावी. मल्टिमीटरवर फेज ते न्यूट्रल सुमारे 230 व्होल्ट, फेज ते अर्थिंग जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थिंग शून्याच्या आसपास, अशी आकडेवारी यायला हवी. हे चालू विजेवरचे काम असल्यामुळे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. तीन दिव्यांचा जो छोटा तपासणी-प्लग मिळतो, तो फेज-न्यूट्रलची अदलाबदल दाखवतो, पण न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांच्या जागी असतील तर ते त्याला ओळखता येत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका बाजूची दखल घ्यावीशी वाटते. जड अ‍ॅडॅप्टर किंवा खाली लोंबणारी वायर प्लगला खाली ओढते, तेव्हा प्लगची वरची कड आधी भिंतीपासून सुटते. अर्थिंग वर असेल, तर सुटण्याची सुरुवात तिथूनच होते. अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते म्हणून तिचा संपर्क टिकतो, पण ओढ सतत राहिली तर तिच्यावरच ताण येतो. अर्थिंग खाली ठेवणाऱ्यांचा हा युक्तिवाद मला पटतो. तुमच्या वायरमनचा वायर मोडण्याचा मुद्दाही खोटा नाही. मात्र उलट्या सॉकेटमधून वायर वर जाते, आणि वर पाणी सांडले तर ते वायरीवरून ओघळत थेट प्लगमध्ये येते. वायर खाली जात असेल तर थेंब प्लगपासून दूर खाली पडतो. ज्या टेबलावर पाण्याची बाटली असते, त्याच्यामागे मी तरी उलटे सॉकेट ठेवणार नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल दुसऱ्या परवानाधारक वायरमनकडून सर्व अठरा सॉकेट तपासून घेतली. उलट्या चारांपैकी तिघांत फेज खरोखरच एन लिहिलेल्या स्क्रूवर होती. चौथे मात्र बरोबर होते, कारण ते पहिल्या वायरमनच्या मदतनिसाने जोडले होते आणि त्याने बहुधा अक्षरे वाचली असावीत. टेबलामागच्या सॉकेटमध्ये हिरव्या वायरीचा स्क्रू अर्धवट आवळलेला होता, त्याखाली तांब्याच्या तारांबरोबर वायरीचे प्लॅस्टिकही दाबले गेले होते आणि बोट लावताच वायर हलत होती. म्हणजे तीन महिने लॅपटॉपला अर्थिंग नावापुरतेच होते. ठिणगी उडाली नसती, तर हे कळलेच नसते, या विचाराने अजूनही अस्वस्थ वाटते.

टेबलामागचे सॉकेट बदलून सरळ बसवले आणि प्लग वेष्टन असलेल्या पिनांचा घेतला. टेबल भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्यावर वायर सहज वळून वर येते, जमिनीला टेकत नाही. उरलेली तीन सॉकेट उलटीच ठेवली आहेत. त्यांच्या वर टेबल, कपाट असे काही नाही आणि तिथे प्लग क्वचितच लागतो. वायरी मात्र अक्षरांप्रमाणे जोडून घेतल्या.

सिंकजवळची प्लेट सांगितल्याप्रमाणे अर्धा फेरा फिरवली. त्यात एक गोष्ट मागाहून लक्षात आली, ती पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. प्लेटबरोबर शेजारचे बटणही फिरले आणि ते बंद असताना चालू असल्यासारखे दिसू लागले. माझ्या हाताला जुनी सवय असल्यामुळे मी पहिल्याच दिवशी फसले. वायरमननी बटण चौकटीतून वेगळे काढून पुन्हा फिरवून बसवले. त्यासाठी आतली वायर थोडी अपुरी पडत होती, म्हणून ताणून न जोडता त्यांनी ती वायरच नवीन टाकली. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचाच आहे, आणि त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो लगेच पडतो. मात्र त्या बटणाने फक्त तो स्वतः चालतो हे कळते, घराच्या अर्थिंगची खात्री होत नाही, असेही त्यांनी बजावले. अर्थिंगचा रोध मोजण्यासाठी ते पुढच्या आठवड्यात उपकरण घेऊन येणार आहेत. किती ओहम भरले ते याच धाग्यावर कळवीन.