महाकाय, अजस्र, अवाढव्य, धिप्पाड : कुठल्या प्राण्याला कुठला शब्द?

वाळपईहून

चौथीच्या मुलांना 'मला आवडणारा प्राणी' यावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. कुत्रा-मांजर फारच थोड्यांनी घेतले. बाकीच्यांना डायनासोर, देवमासा, मॅमथ, अजगर आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातला गवाच हवा होता. जेवढा मोठा प्राणी तेवढी मुले रंगून लिहितात, हे बघून फार बरे वाटले. पण विशेषण सगळ्या वह्यांत एकच : महाकाय. महाकाय देवमासा, महाकाय गवा, महाकाय अजगर. चूक नाही म्हणून लाल खूण केली नाही. तरी विचारते, अवाढव्य, अजस्र, प्रचंड, धिप्पाड, अगडबंब हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि गव्याला 'गवारेडा' लिहिले तर बरोबर धरावे का?

साखळीहून

बाई, कोशात हे सगळे 'फार मोठा' याच अर्थाखाली सापडतील, पण बोलताना आपण त्यांची सरमिसळ करत नाही.

धिप्पाड म्हटले की उंची आणि भरीव बांधा दोन्ही डोळ्यांपुढे येतात, शिवाय तो प्राणी चांगला पायांवर उभा असतो. धिप्पाड बैल, धिप्पाड गवा, धिप्पाड पैलवान. अजगर कितीही लांब असू दे, 'धिप्पाड अजगर' कोणी म्हणत नाही. अगडबंब हा घेराचा शब्द. पाणघोड्याला तो शोभतो, जिराफाला नाही.

अवाढव्य म्हणजे नेहमीच्या मापात न मावणारे. त्यात कौतुक असते तसे दडपणही असते. निळ्या देवमाशासाठी मी हाच शब्द ठेवीन. लांबी ३० मीटरच्या आसपास, वजन १५० टनांच्याही पुढे जाऊ शकते, आणि पोट भरते ते क्रिल नावाच्या बोटाएवढ्या, कोळंबीसारख्या जीवांवर.

अजस्रकडे मात्र नीट बघण्यासारखे आहे. संस्कृतात अजस्र म्हणजे अखंड, न थांबणारे. मराठीत तो आकाराला चिकटला. तरी जुन्या अर्थाची सावली त्यावर आहे असे मला वाटते : ज्याचा शेवट चटकन नजरेत येत नाही, ते अजस्र. म्हणून लांबलचक प्राण्याला तो फार चपखल बसतो. कच्छमधल्या पानंध्रो इथल्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीत सापडलेल्या मणक्यांवरून २०२४ मध्ये 'वासुकी इंडिकस' या सापाची ओळख जगाला झाली. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर. हा अजस्र साप! मुलांना एवढे जरूर सांगा की शेवटचे अक्षर 'स्र' आहे. 'अजस्त्र' असे छापलेले सर्रास दिसते, ते चूक.

अजगर हा शब्दही मुलांना फोडून दाखवा. अज म्हणजे बोकड, त्याला गिळणारा तो अजगर. किती मोठा हे वेगळे सांगायची गरजच उरली नाही.

प्रचंड मूळचा उग्र, तीव्र या अर्थाचा. आता पाऊस, गर्दी, उत्साह, महागाई सगळेच प्रचंड झाले. प्राण्याला लावला तर चित्र उभे राहत नाही.

फोंड्याहून

गव्याविषयी. 'गवारेडा' आपल्याकडे घरोघर म्हणतात, तेव्हा मुलांचे गुण कापू नयेत. पण गवा रेड्याच्या कुळातला नाही, तो गाई-बैलांच्या जवळचा. काळा रंग आणि अंगापिंडाने रेड्यासारखा दिसतो म्हणून ते शेपूट लागले असावे. इंग्रजीवरून आलेला 'बायसन'ही बरोबर नाही, तो अमेरिका-युरोपातला वेगळा प्राणी. गवा आपला राज्यप्राणी आहे, निदान आपण तरी त्याला नुसते गवा म्हणावे.

मोलेच्या जंगलाच्या बाजूला रस्त्याकडेला गवा उभा दिसला तर गाडीतूनही बघण्यासारख्या खुणा सांगतो. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच धार येते आणि तिथे एकाएकी खाली उतरते. गुडघ्याखालचे चारही पाय पांढरे, मोजे चढवल्यासारखे. मोठा नर खांद्याशी सहा फुटांना टेकतो, वजन १००० किलोपर्यंत. साखळीच्या सरांनी त्याला धिप्पाड म्हटले ते अगदी पटले.

सांगे तालुक्यात पणसायमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत, त्यांतही बैलांच्या आकृती ठळक आहेत. मुलांची सहल तिकडे न्याच.

वाळपईहून

दोघांचेही आभार. एका मुलाने 'मॅमथ हत्तीपेक्षा महाकाय होता' असे लिहिले आहे. इथे काय सुचवू? आणि डायनासोरला मराठी शब्द द्यावा का?

साखळीहून

'पेक्षा महाकाय' कानाला खटकते. महाकाय, अवाढव्य, अजस्र हे शब्द तुलनेत चालत नाहीत, तिथे साधा 'मोठा'च हवा. शिवाय विधान तपासायला हवे. केसाळ मॅमथ साधारण आजच्या आफ्रिकी हत्तीएवढाच होता. त्याचे शेवटचे कळप सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर सुमारे ४००० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होते, म्हणजे गीझाचे पिरॅमिड उभे राहिल्यानंतरही. त्या मुलाला हे सांगा, तो वही पुन्हा उघडेल.

डायनासोर हे नाव रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ग्रीक शब्दांवरून घडवले, अर्थ भयंकर सरडा. त्याला 'भीमसरट' असा प्रतिशब्द आहे. सरट म्हणजेच आपला सरडा. मला तो आवडतो, भीमात भयंकरही आहे आणि बलदंडही. पण मुलांच्या तोंडी डायनासोर बसला आहे, तो काढू नये.

त्याऐवजी भारतात सापडलेल्यांची नावे शिकवा. १९७५ मध्ये नाव मिळालेला बारापासॉरस : बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, त्यावरून. तमिळनाडूतल्या अरियालूर भागातला, १९८७ मध्ये नाव मिळालेला ब्रुहत्कायोसॉरस : सरळ आपला 'बृहत्काय'. त्याची हाडे पुढे भुगा होऊन गेली, त्यामुळे नक्की माप कोणालाच घेता येत नाही. काहींच्या अंदाजाने तो निळ्या देवमाशाच्या तोडीचा होता. 'महाकाय'ला पर्याय हवा असेल तर हा शब्द मुलांना आयताच मिळाला.

बेतूलहून

देवमाशाबद्दल दर्यावरच्या माणसाचे दोन शब्द. पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची जाळी असलेला भला थोरला मासा जाळ्यात आला की त्यालाही लोक देवमासा म्हणतात. तो देवमासा नव्हे, मोरीच्या (शार्कच्या) जातीचा आहे, जगातला सगळ्यात मोठा मासा. २००१ पासून त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे, जाळे कापून सोडावा लागतो. ओळख सोपी : मोरीची शेपटी उभी असते, डावी-उजवी हलते. देवमाशाची आडवी, वर-खाली. आणि देवमासा श्वासाला वर येतो, कारण त्याला कल्ले नाहीत.