मदत हवी आहे: लेक आयरिश नागरिक, आम्ही दोघं भारतीय. नेदरलंड्सच्या व्हिसासाठी तिच्या पासपोर्टचा उपयोग होतो का?

निफाडकरीण

नमस्कार मंडळी,

आम्ही डब्लिनला राहतो. नवरा आणि मी, दोघांचे पासपोर्ट भारतीय, दोघांकडे स्टॅम्प ४ चं आयआरपी कार्ड (आयर्लंडमध्ये राहण्याचा परवाना). लेक इथेच जन्मली. तिच्या जन्माआधीच्या चार वर्षांतली तीन वर्षं आमची इथे कामाच्या परवान्यावर भरली होती, त्यामुळे ती जन्मतःच आयरिश नागरिक. पासपोर्टही आला. म्हणजे घरातलं सगळ्यात लहान माणूस युरोपात कुठेही जायला मोकळं, आणि त्याचे डायपर वाहणाऱ्यांना व्हिसा.

नणंद आइंडहोव्हनला असते. सप्टेंबरात तिच्या बाळाचं उष्टावण आहे. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलंय की उष्टावण मामानेच करायचं, व्हिडिओ कॉलवर वाटी दाखवून चालणार नाही. त्यामुळे शेंगेन व्हिसा (नेदरलंड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) काढणं आलं.

फॉर्म भरायला बसलो आणि अडलो. त्यात युरोपियन नागरिक असलेल्या कुटुंबीयाची माहिती विचारलीय आणि खाली नातं निवडायला चौकोन आहेत: जोडीदार, मूल, नातवंड, 'डिपेंडंट असेंडंट' वगैरे. एक मैत्रीण म्हणते तिथे लेकीचं नाव घाला, मग फी नाही, इन्शुरन्स नाही, आणि व्हिसा झटपट. दुसरी म्हणते चुकूनही घालू नका. व्हिसा केंद्राला विचारलं तर फोनवर एक उत्तर आणि ईमेलवर दुसरं.

शिवाय सासू-सासरेही त्याच सुमारास भारतातून येणार आहेत. त्यांना आधी डब्लिनला आणायचं आणि मग सगळ्यांनी मिळून नेदरलंड्सला जायचं, असा बेत आहे. तेही लेकीचे आजी-आजोबाच, मग त्यांना काही सवलत? सासऱ्यांना द्राक्षांच्या ऑक्टोबरच्या छाटणीआधी निफाडला परत पोचायचंय, त्यामुळे तारखा फार हलवता येणार नाहीत.

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

बाकरवडी

निफाडकरीण, स्टॅम्प ४ आहे ना? मग व्हिसा कशाला लागतोय? आमच्या ऑफिसातला एक ब्राझीलचा माणूस स्टॅम्प ४ वर सगळीकडे फिरतो.

कोरडे_पाय

@बाकरवडी, ब्राझीलच्या पासपोर्टला शेंगेनसाठी मुळात व्हिसाच लागत नाही. तो स्टॅम्प ४ मुळे फिरत नाही, पासपोर्टमुळे फिरतो.

दुसरं असं की 'स्टॅम्प ४' आणि 'स्टॅम्प ४ ईयूफॅम' ही दोन वेगळी कार्डं आहेत. ईयूफॅम मिळतं ते आयर्लंडमध्ये राहणाऱ्या *इतर* युरोपियन देशांच्या नागरिकांच्या कुटुंबीयांना. उदाहरणार्थ, नवरा पोलंडचा, बायको भारतीय, संसार डब्लिनला. त्या कार्डावर त्या नवऱ्याबरोबर प्रवास करताना व्हिसा माफ असतो. आयरिश मूल आयर्लंडमध्येच राहत असेल तर त्याने अजून देश ओलांडलेला नाही, म्हणून त्याच्या आई-वडिलांना ते कार्ड मिळत नाही. साध्या स्टॅम्प ४ वर भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतोच.

अडाणी_वकील

निफाडकरीण, तुमच्या दोन्ही मैत्रिणींच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

ही फुकट आणि झटपट व्हिसाची सवलत येते २००४/३८ या युरोपियन निर्देशातून. युरोपियन नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात जात असेल तर त्याच्याबरोबर जाणाऱ्या कुटुंबीयांना तो लागू होतो. लेक आयरिश, जाणार नेदरलंड्सला. म्हणजे ही अट पुरी होते. घोडं पुढे अडतं. कुटुंबीय कोण, याची यादी त्याच निर्देशाच्या दुसऱ्या कलमात आहे: जोडीदार, २१ वर्षांखालची किंवा अवलंबून असलेली मुलं, आणि नागरिकावर *अवलंबून असलेले* आई-वडील. फॉर्ममधला 'डिपेंडंट असेंडंट' तो हाच. आता सांगा, लेक तुम्हाला पोसते का? तुमच्याकडे उलटी गंगा आहे, ती तुमच्यावर अवलंबून. त्यामुळे कायद्याच्या अक्षराप्रमाणे तो चौकोन तुमचा नाही.

मग पहिली मैत्रीण कुठून बोलतेय? बहुधा चेन खटल्यावरून. हा खटला सगळ्या अशा पालकांनी माहीत करून घ्यावा असाच आहे. २००० साली कॅथरीन नावाची मुलगी बेलफास्टमध्ये जन्मली. आई-वडील चिनी. तेव्हा आयर्लंड बेटावर कुठेही जन्मलेल्या बाळाला आयरिश नागरिकत्व मिळत असे, म्हणून ती आयरिश झाली. तिच्या आईला मुलीसह ब्रिटनमध्ये, कार्डिफला राहायचं होतं. ब्रिटिश सरकार नाही म्हणालं. प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं आणि १९ ऑक्टोबर २००४ ला निकाल आला. न्यायालयाने आधी हेच मान्य केलं की आई मुलीवर 'अवलंबून' नाही. पण पुढे म्हटलं की एवढ्याशा मुलीला दुसऱ्या देशात राहायचा हक्क द्यायचा आणि तिला सांभाळणाऱ्या आईला दाराबाहेर ठेवायचं, तर त्या हक्काला अर्थच उरत नाही. मुलीचा आरोग्यविमा असेल आणि सरकारवर बोजा पडणार नसेल, तर आईही तिच्याबरोबर राहू शकते.

(त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडने सार्वमत घेतलं आणि जन्मानेच नागरिकत्व मिळण्याचा घटनेतला हक्क काढला. तीन वर्षांची अट आली ती १ जानेवारी २००५ पासून. तुमच्या लेकीचा पासपोर्ट त्या नव्या नियमाखालचा.)

पण हा निकाल दुसऱ्या देशात *राहण्याबद्दल* आहे. पाच-सहा दिवसांच्या पाहुणेरावळीच्या व्हिसाला तो लावून घ्यायचा तर वाद घालावा लागतो. कुठली वकिलात ऐकते, कुठली नाही. वाद घालायचाच असेल तर सॉल्व्हिट ही युरोपियन युनियनची मोफत सेवा आहे, एखाद्या देशाचं खातं युरोपियन कायदा पाळत नाही असं वाटलं तर तिथे तक्रार करता येते. माझं मत विचाराल तर हक्काची लढाई तारीख नसलेल्या प्रवासासाठी ठेवा. उष्टावणाला साधा व्हिसा काढा.

आणि एक धोका लक्षात घ्या. फॉर्मवर तारांकित प्रश्न आहेत: नोकरी, मालक कंपनी, कुणाकडे उतरणार, खर्च कोण करणार. कुटुंबीय म्हणून अर्ज करणाऱ्यांनी ते भरायचे नसतात. तुम्ही तो चौकोन निवडून हे कोरे सोडले आणि त्यांनी तुम्हाला कुटुंबीय मानलं नाही, तर हातात अर्धवट अर्ज राहतो. साध्या अर्जात हे सगळं भरा, आणि लेकीचा जन्मदाखला व पासपोर्टची प्रत सोबत जोडा. फी माफ होणार नाही, पण तुमचं बिऱ्हाड डब्लिनला आहे हे अधिकाऱ्याला एका नजरेत दिसतं. परत येतील की नाही, ही शंका तिथेच बरीचशी विरते.

निफाडकरीण

@अडाणी_वकील, बाप रे, किती सविस्तर! मनापासून धन्यवाद. नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न: युरोपियन न्यायालयाच्या २०११ च्या झाम्ब्रानो निकालाचं काय? तो कुठेतरी वाचून आलाय.

अडाणी_वकील

तो निकाल मुलाच्या *स्वतःच्या* देशात पालकांना राहू देण्याबद्दल आहे. उद्या नोकरीचा परवाना गेला तरी आयरिश मुलाचे पालक म्हणून इथे राहायला अर्ज करता येतो, तो त्याच्या जोरावर. प्रवासाशी त्याचा संबंध नाही.

कोरडे_पाय

साध्या अर्जाचं मी सांगतो, आमच्या घरी हे नित्यनेमाने चालतं.

फी माणशी ९० युरो (जून २०२४ पासून, आधी ८० होती), केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला १५ दिवस धरायचे, पण खरी अडचण अपॉइंटमेंटची. उन्हाळ्यात स्लॉटच दिसत नाहीत. पैसे घेऊन स्लॉट मिळवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. आणखी एक: परत येण्याच्या तारखेनंतर आयआरपी कार्डाची मुदत किमान तीन महिने शिल्लक हवी. संपत आलं असेल तर आधी नूतनीकरण.

नणंदेकडे उतरणार असाल तर तिला कामाला लावा. नेदरलंड्समध्ये पाहुण्यांना घरी ठेवण्याचा एक छापील फॉर्म असतो. त्यावरची सही तिच्या गावच्या पालिकेकडून, म्हणजे खेमेंटेकडून, प्रमाणित करून घ्यावी लागते आणि मूळ कागद तुम्हाला पोस्टाने पाठवावा लागतो. लोक हे शेवटच्या आठवड्यावर टाकतात आणि मग कुरिअरच्या मागे धावतात. खर्च तुमचा तुम्ही करणार असाल तर फक्त राहण्याचा भाग भरायचा.

राईनकाठी

आमची उलटी गोष्ट. आम्ही ड्यूसेलडॉर्फला, मुलगा जर्मन नागरिक, आम्ही भारतीय. जर्मन परवान्यावर नेदरलंड्स, फ्रान्स सगळीकडे १८० दिवसांत ९० दिवस बिनदिक्कत जातो. पण डब्लिनला मित्राकडे यायचं म्हटलं की आयर्लंडचा व्हिसा, कारण आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. निफाडकरीण, आपण पासपोर्टांची नाही तर घरांची अदलाबदल करू या का? :)

श्रावणसर

निफाडकरीण, सासू-सासऱ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सवलत त्यांनाही नाही, कारण तीच: नातीवर अवलंबून नाहीत. आणि शेंगेनचा अर्ज आपण जिथे कायदेशीर *राहतो* तिथून करायचा असतो. डब्लिनला पाहुणे म्हणून आल्यावर तिथून अर्ज करायचा तर तसं सबळ कारण दाखवावं लागतं. तेव्हा त्यांचा अर्ज भारतातूनच करा.

पण खरी गोम आयरिश व्हिसात आहे. एकदाच प्रवेशाचा ६० युरोला मिळतो, अनेकदा प्रवेशाचा १०० ला. तुमच्या बेताप्रमाणे आधी डब्लिन, मग आइंडहोव्हन आणि परत डब्लिन केलं, तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा आइंडहोव्हनला जातानाच संपला. म्हातारी माणसं तिकडे अडकतील. त्याऐवजी मुंबईहून आधी ॲमस्टरडॅम, उष्टावण, मग तुमच्याबरोबर डब्लिन आणि तिथून आखातातून मुंबई. या क्रमाने दोन्ही देशांचे एकेकदा प्रवेशाचे व्हिसे पुरतात.

बाकरवडी

आलेच आहेत तर बेलफास्टही दाखवा, गाडीने दोन तास, सीमेवर कुणी विचारत नाही.

अडाणी_वकील

@बाकरवडी, विचारत नाही म्हणजे चालतं असं नाही. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे आणि भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा लागतो. सीमेपलीकडे बिनव्हिसा जायची मोकळीक लेकीला आहे, आई-वडिलांना नाही. आजी-आजोबांना जाता येतं ते त्यांच्या आयरिश व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची सामायिक व्हिसा योजना) असा शेरा असेल तरच. असलं काही पुढे नागरिकत्वाच्या अर्जात निघालं तर महागात पडेल.

निफाडकरीण, त्यावरून आठवलं. तुम्ही स्वतः आयरिश नागरिकत्व घेणार नाही का? पाच वर्षांचं वास्तव्य भरलं की अर्ज करता येतो. हा व्हिसाचा व्याप कायमचा संपेल.

निफाडकरीण

मी अर्ज करणार आहे. नवरा नाही म्हणतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) शेतजमीन विकत घेता येत नाही. त्याला सातबाऱ्यावर अजून दोन एकर चढवायचेत. वारसाने आलेली चालते हे त्याला माहीत आहे, पण शेजारचा बांध विकायला निघालाय ना! म्हणजे पुढची काही वर्षं घरात दोन आयरिश, एक भारतीय आणि तोच एकटा व्हिसाच्या रांगेत.

@श्रावणसर, तुमचा क्रम सासऱ्यांना सांगितला, पटला. आता ते आधी ॲमस्टरडॅमला उतरतील आणि २५ सप्टेंबरच्या आत परततील. @कोरडे_पाय, नणंदेने खेमेंटेची वेळ घेतलीय. आमचे दोघांचे अर्ज साधेच करतोय, तो चौकोन कोरा. फक्त स्लॉट मिळायचा बाकी आहे.

कोरडे_पाय

रद्द झालेले स्लॉट अधूनमधून परत दिसतात, आमच्या घरी पहाटे बघितले की जास्त सापडतात. दोघांचा एकाच वेळी मिळाला नाही तर थांबू नका, आधी मामाचा घ्या.