टोकियोत घर कुठे घ्यावं, निशिकासाई की दुसरीकडे?

पुणेकर२: नमस्कार मंडळी, मार्चमध्ये टोकियोला शिफ्ट होतोय, मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. ऑफिस ओतेमाचीला. सगळे म्हणतायत निशिकासाईच बघ, पण तिथे सगळे आपलेच लोक, मग पोरगी जपानी शिकणार कधी? त्यात आम्ही शाकाहारी.

निशिकासाईकर: दादा, पहिली दोन वर्षं तरी इथेच काढा. तोझाई लाइनने ओतेमाची थेट, गाडी बदलायची नाही, म्हणून तर वायटूकेच्या (२००० सालच्या कॉम्प्युटरमधल्या तारखांच्या घोळाच्या) वेळी आयटीवाले इथे आले आणि इथलेच झाले. दुसरं म्हणजे घर. मला दुसऱ्या भागात तीन एजंटांनी तोंडावर सांगितलं की मालक परदेशी माणसाला देत नाही, पगाराची स्लिप हातात घेऊन उभा होतो हो, फार लागलं ते. इथे यूआरच्या (निमसरकारी गृहसंस्थेच्या) बिल्डिंगा आहेत, जामीनदार नको, रेइकिन नको (म्हणजे मालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे पैसे). आणि २०१९ ला योगेंद्र पुराणिक याच एदोगावा वॉर्डातून कौन्सिलवर निवडून आले, आपला मराठी माणूस, आजही सांगताना ऊर भरून येतो.

शिनओकुबो_जवळ: किराण्याची काळजी सोडा. शिन-ओकुबोला एका गल्लीत कोरियन, पुढच्या गल्लीत नेपाळी-बांगलादेशी दुकानं, तूरडाळ मोहरी सगळं मिळतं. बाहेर खाताना मात्र जपून, नुसतं 'निकु नाशी' (मांस नको) म्हटलं तर मांस काढतात पण रश्श्यातली दाशी, म्हणजे माशाचा अर्क, तशीच राहते, 'दाशी मो दामे' (दाशीही नको) हे आवर्जून सांगा.

ऋतूचीआई: लेकीला इथल्या सरकारी शाळेत घाला. वॉर्ड ऑफिसात अर्ज केला की परदेशी मुलांनाही घेतात, फी नाही, वर्ष एप्रिलला सुरू होतं. माझा मुलगा पहिले तीन महिने रडत घरी यायचा, मीही रडायचे, आता तोच माझं जपानी सुधारतो. शाळेच्या जेवणात दाशी असते म्हणून बाईंना चिठ्ठी लिहून घरून डबा देते. आणि माणसं जोडली जातात हो. पहिल्याच आठवड्यात माझी कचऱ्याची पिशवी कचऱ्यावर टाकायच्या जाळीबाहेर राहिली, कावळ्यांनी फोडली, रस्ताभर चहाचा चोथा नि कोथिंबिरीच्या काड्या. शेजारच्या आजी काही न बोलता झाडू घेऊन आल्या, दोघींनी मिळून गोळा केलं. दुसऱ्या दिवशी दारात कागद, कुठल्या वारी काय टाकायचं ते सोप्या हिरागाना लिपीत, बाजूला बाटली, डबा, केळ्याचं साल अशी चित्रं काढून. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

पुणेकर२: ताई, वाचून जीवात जीव आला. यूआरचंच बघतो आता. ती डब्याची चिठ्ठी जपानीत मिळेल का? बायकोला तेच टेन्शन आहे.